चार रेघांतले वाळवंट

"नुसत्या रेघा ओढल्या आहेत; यात चित्र ते कुठे आहे?" नवी चित्रकला पाहिली की हा प्रश्न पुष्कळांच्या ओठी येतो. प्रश्न रास्त आहे. तो हसण्यावारी नेऊन भागायचे नाही. म्हणून आज मी नसरीन मोहम्मदी या एकाच चित्रकर्तीविषयी आपणांशी बोलणार आहे.

नसरीनबाईंचा जन्म १९३७ सालचा, कराचीचा. पुढे कुटुंब मुंबईस आले. चित्रकलेचे शिक्षण त्यांनी लंडनला घेतले. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकाराचा सहवास लाभला, आणि १९७२ पासून त्या बडोद्यास शिकवू लागल्या. वडिलांचा व्यवसाय बहारीनला होता; त्यामुळे अरबी वाळवंट त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंट येतो, खजुरीचे झाड येते. बाईंच्या कागदावर यातले काहीच नाही. उंट निघून गेल्यावर मागे काय उरते? क्षितिज, वाऱ्याने वाळूवर पाडलेल्या लाटा, आणि ऊन. त्यांनी तेवढेच ठेवले.

दुसरी ओढ इमारतींची. फत्तेपूर सिक्रीचे दगडी चौक आणि ल कॉर्बुझिए या वास्तुकाराच्या योजनेतून उभे राहिलेले चंदीगड, दोन्हींची छायाचित्रे त्यांनी घेतली. चंदीगडच्या सिमेंटच्या भिंतींवर वेलबुट्टी नाही. शोभा आहे ती मापाची आणि सावलीची. भिंतीची कड कुठे संपते आणि सावली कुठून सुरू होते, हे बाई निरखीत राहिल्या. वाळवंट आणि इमारत, दोन्हींकडून त्या एकच गोष्ट शिकल्या: फापटपसारा गाळायचा, अंतर आणि प्रकाश राखायचा. मग १९७० नंतरच्या काळात नकाशे काढणाऱ्यांची हत्यारे हाती घेऊन त्यांनी पेन्सिलीने आणि शाईने रेघा आखल्या. काही दाट, काही विरळ. काही ठळक, काही दिसतील न दिसतील अशा. बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीखही नाही.

आता आपल्या परभणीकडे येऊ. आपल्याकडे वाळवंट नाही, काळी आहे. पण नांगरट झाल्यावर बांधावर उभे राहून पाहा. तासांच्या रेघा पायाशी रुंद असतात, लांब जाता जाता बारीक होतात आणि आभाळाला टेकतात. कुणाचे तास सरळ गेले, कुठे बैल बिचकला, हे जाणता शेतकरी लांबूनच सांगतो. त्याला कुणी विचारीत नाही, की या रेघांत आहे काय! रेघ वाचणे आपल्याला नवे नाही.

आणि रेघ ओढणे सोपे, असेही कुणी समजू नये. अखेरच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या विकाराने बाईंचा हालचालींवरचा ताबा सुटत चालला होता. चालणे-फिरणे कठीण झाले, तरी कागदावरची रेघ हलली नाही. १९९० साली अलिबागजवळच्या किहीम येथे त्या वारल्या. वय अवघे त्रेपन्न.

हयातीत त्यांची छायाचित्रे प्रदर्शनात मांडली गेली नाहीत. पुढे २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९६६ च्या एका नामांकित आधुनिक इमारतीत आपले नवे दालन उघडले, तेव्हा आरंभीच्या प्रदर्शनांत नसरीनबाईंचे प्रदर्शन होते. चार भिंती आणि प्रकाश यांवर प्रेम करणाऱ्या बाईंची चित्रे तशाच भिंतींवर लागली.

तेव्हा असे चित्र पुढे आले, तर बांधावर उभे राहतो तसे त्याच्यासमोर घटकाभर उभे राहा. मग खुशाल म्हणा, आवडले किंवा नाही आवडले.