नवशिक्याचे रिकामे हात



या व्यासपीठावर आजवर विद्वान माणसे बोलून गेली आहेत. मी शाळेत सातवीपर्यंत शिकलो. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, मागून आणलेल्या पुस्तकांवर. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी किमान वेतनावर किंवा बोनसवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी म्हणालो, शिकारीवर बोलतो. ते जरा चपापले. आपणही चपापला असाल, म्हणून खुलासा आधीच करतो. आपल्याकडे १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेने शिकार करण्याची वाटही बंद झाली. ते योग्यच झाले. मी कोणाच्या हाती बंदूक द्यायला आलेलो नाही. मला एका पत्रातल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे, आणि ते आपल्या सर्वांदेखत दिलेले बरे असे मला वाटते.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात नोकरी करतो. तिथे एल्क नावाचे हरीण आहे. आपल्या सांबराचा भाऊबंद, पण अंगाने त्याहूनही थोराड. नराचे वजन तीनशे किलोच्या वर जाते. त्या राज्यात एल्कांची संख्या लाखांत आहे आणि सरकार दर वर्षी परवाने देऊन मोजकी शिकार करू देते. हा मुलगा कारखान्यातल्या मित्रांबरोबर तीन मोसम डोंगरात गेला आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परतला. त्याने मला लिहिले, “काका, तुमचे सगळे आयुष्य हरलेल्या लढाया पुन्हा लढण्यात गेले. मला सांगा, नवशिक्याला पहिली शिकार साधायला किती वर्षे लागतात?”

आता मी एल्क पाहिलेला नाही. पण हिशेब मला येतो. तिथे मोसमभर हिंडणाऱ्या परवानेवाल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकालाच शिकार मिळते. यावरून कोणी म्हणेल, मग पाच वर्षे लागतात. तसे नाही. दर मोसमाला पाचांत एक संधी धरली, तरी पाच मोसमांनंतर तिघांपैकी जवळजवळ एक जण अजून रिकामाच असतो. कागदावर गुणाकार करून पाहा. आणि ही सरासरी जुन्या-नव्या सर्वांची मिळून आहे. नवखा तिच्याही खाली असतो. डोंगरात पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन तापले की तीच हवा वर चढू लागते, आणि एल्कचे नाक माणसाच्या डोळ्याहून तिखट. एवढी एक गोष्ट अंगी मुरली नाही, तर माणूस दिवसभर स्वतःच आपली वर्दी देत फिरतो. ती पुस्तकात वाचून कळते, पण मुरत नाही.

हे झाले हौशी लोकांचे. ज्यांचे पोटच शिकारीवर आहे त्यांचे काय? आफ्रिकेत टांझानियात हाद्झा नावाचे लोक आहेत. १९८० नंतरच्या दशकात संशोधकांनी त्यांच्याबरोबर राहून एकेका दिवसाची नोंद केली. मोठ्या जनावराच्या बाबतीत हे मुरलेले शिकारी शंभरांतले सुमारे सत्त्याण्णव दिवस रिकामे परतत. म्हणजे एका माणसाला महिन्याकाठी फार तर एक जनावर. पुढे २०२० साली जगभरच्या चाळीस ठिकाणच्या अठराशेंहून अधिक शिकाऱ्यांच्या नोंदी एकत्र करून अभ्यास झाला. त्यात असे दिसले की शिकाऱ्याचे कसब साधारणपणे तीस ते पस्तीस वयाच्या दरम्यान शिगेला पोचते. अंगातली ताकद त्याच्या बरीच आधी भरलेली असते. मग मधली वर्षे कशात जातात? माग ओळखण्यात, वारा समजण्यात, कुठे बसावे आणि केव्हा उठू नये हे कळण्यात. हातापेक्षा डोळ्याला शिकायला वेळ लागतो.

इथे माझ्यासारख्या कामगारातल्या माणसाला एक प्रश्न पडतो. शंभरांतले सत्त्याण्णव दिवस जो रिकामा येतो, तो त्या सत्त्याण्णव दिवसांत जेवतो काय? उत्तर असे की बायकांनी खणून आणलेली कंदमुळे, गोळा केलेली फळे, मध आणि बारीकसारीक शिकार यांवर तो जेवतो. आणि ज्या दिवशी कोणाला मोठे जनावर मिळते, त्या दिवशी ते सगळ्या वस्तीत वाटले जाते. आमच्याकडची जुनी माणसेही सांगतात, रानात गाव जाई तेव्हा ज्याने नुसता हाका घातला त्यालाही वाटा मिळे. आपण याला दानधर्म समजतो. तो दानधर्म नव्हे. नवशिक्याला शिकता यावे म्हणून वस्तीने केलेली ती सोय आहे. वाटा नसता तर पहिल्या महिन्यातच त्याने भाला टाकून दिला असता.

शिकारीची दुसरीही एक रीत आपल्याच जिल्ह्याने पाहिली आहे. रोहा आणि मुरूड यांच्यामधले फणसाडचे जंगल १९८६ साली अभयारण्य झाले. त्याआधी जंजिऱ्याच्या नवाबांच्या काळात ते शिकारीसाठी राखलेले रान होते. संस्थानिकांच्या शिकारीची रीत पुष्कळदा अशी असे. पाहुण्याला मचाणावर बसवायचे आणि हाकेवाल्यांनी जनावर त्याच्यापुढे आणायचे. असा पाहुणा पहिल्याच दिवशी सांबर पाडू शके. त्याला काही वर्षे लागत नसत. ती वर्षे हाकेवाल्यांनी घातलेली असत. सांबर कोणत्या ओहोळाने उतरते हे ज्याला माहीत, त्याचे नाव छायाचित्राखाली येत नसे. तेव्हा अमक्याला लवकर यश आले असे ऐकले की मी आधी विचारतो, त्याच्यासाठी रान कोणी ओळखले होते?

आता मी माझ्या गावाकडे येतो. मी गडबचा. आमच्याकडे डोंगरापेक्षा खाडी जवळ. ओहोटी लागली की चिखलावर निवट्या दिसू लागतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी त्या खाल्ल्या असतील. पकडल्या असतील असे थोडे. माझे वडील मुंबईला गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे त्यात होती. वर्षभराने आम्ही परळची खोली सोडून गावी आलो. मी बारा वर्षांचा होतो. वडिलांनी वीस वर्षे साचा चालवलेला. नुसत्या आवाजावरून सूत कुठे तुटणार हे त्यांना कळे. पण गावच्या चिखलात ते नवशिके होते, आणि तेही चाळिशीतले.

माझी आत्या निवट्या-चिंबोऱ्यांवर घर चालवी. वडील तिच्याबरोबर जाऊ लागले. चिखलात पाय सरळ उचलला तर तो अधिकच रुततो, हे कळायलाच त्यांचे आठ दिवस गेले. निवटीच्या बिळाला एकापेक्षा जास्त तोंडे असतात. एक तोंड पायाने दाबून दुसऱ्यातून हात घालायचा असतो. पण दुसरे तोंड कोणते, ते पन्नास भोकांतून ओळखावे लागते. कुठल्या तोंडाशी पाणी नुकतेच गढूळ झाले आहे, कुठला चिखल ताजा आहे, हे आत्या चालता चालता पाहत असे. वडिलांना सगळी भोके सारखीच दिसत. एकदा निवटीच्या बिळात हात घातला आणि चिंबोरीने बोट धरले. आत्या हसली नाही. ती म्हणाली, “अरे, चिखलाशी भांडू नकोस. तो ऐकणार नाही.”

तो सबंध पावसाळा वडील जवळजवळ रिकामे परतले. पण आमच्या घरात रिकामी टोपली कधी आली नाही. बांधावर चढल्यावर आत्या आपली टोपली खाली ठेवी आणि काही न बोलता मूठमूठ निवट्या वडिलांच्या टोपलीत टाकी. ते मान फिरवून उभे राहत. गिरणीत हक्काचा पगार मोजून घेणाऱ्या माणसाला ते किती जड गेले असेल हे मला तेव्हा कळले नाही, आज कळते. एका संध्याकाळी ते आईला म्हणाले, उद्यापासून मी जाणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या दारात उभी. म्हणाली, ओहोटी थांबत नाही, चल. ते गेले.

दुसऱ्या वर्षीच्या भादव्यात त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने टोपली भरली. म्हणजे किती काळ लागला? पुरते दीड वर्ष. आत्या नसती तर? तर दीड वर्ष लागले नसते, दीड जन्म लागला असता. कारण ते तिसऱ्या आठवड्यात कुठेतरी हमालीला गेले असते आणि चिखलात परत उतरले नसते.

आमच्या धरमतर खाडीच्या पलीकडे अलिबाग तालुक्यात चरी आहे. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांच्या विरुद्ध संप केला आणि भातशेती पडीक ठेवली. तो १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ च्या डिसेंबरात तिथे येऊन कुळांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे कुळकायद्याची जी वाट मोकळी झाली तिच्यात या संपाचा हात मोठा आहे. आपण त्यातला विजय सांगतो. मी युनियनच्या नव्या पोरांना त्यातले मोसम मोजायला सांगतो. सहा पावसाळे शेतात रोप लागले नाही. एकट्या कुळाला एक मोसमही निभला नसता. अनेक गावांनी मिळून तो सोसला म्हणून सहा निभले.

मी जेव्हा या कामात नवीन होतो, तेव्हा एका कारखान्यात फाटकावर सभा घेऊन तिसऱ्या महिन्यात संप पुकारला. कारखान्याचे नाव मी घेत नाही. चूक माझी होती. कोणाच्या घरी किती दिवसांचे तांदूळ आहेत हे मी विचारलेच नव्हते. अकराव्या दिवशी माणसे मान खाली घालून आत गेली. त्यांतल्या चौघांना पुन्हा घेतले नाही. त्या चौघांची घरे मला अजून पाठ आहेत. त्यानंतर मी जिथे जिथे गेलो तिथे आधी धान्याची पेटी उभी केली आणि मगच मागण्यांचा कागद लिहिला.

आणि आज काय चालले आहे? आपल्या भागात कारखाने आले. शेती गेली, खाजण आक्रसले. गावातले पोरगे ठेकेदाराकडे लागते. सलग सेवेच्या हिशेबात दोनशे चाळीस दिवसांना महत्त्व आहे. म्हणून अनेक ठिकाणी ते भरण्याआधीच त्याला थांबवतात, आणि मग दुसरीकडे, दुसऱ्या कामावर, पुन्हा पहिला दिवस. वर हेच लोक म्हणतात की हल्लीच्या पोरांना काम येत नाही, चिकाटी नाही. मी विचारतो, तुम्ही त्याला दुसरा भादवा पाहू दिला का? शिकाऱ्याचा डोळा तयार व्हायला पस्तिशी उजाडते, आणि यंत्रावरच्या पोराने आठ महिन्यांत सगळे शिकून दाखवावे, ते न शिकल्यास दोष त्याचाच, हा कुठला न्याय?

घराघरांतूनही हेच होते. मुलगा परीक्षेत एकदा नापास झाला, दुकान पहिल्या वर्षी चालले नाही, की आपण त्याला टोचू लागतो. त्याच्या अंगी गुण नाही असे ठरवून मोकळे होतो. कदाचित त्याच्या टोपलीत मूठभर टाकणारे कोणी नसेल, एवढेच.

तर त्या मुलाला मी असे लिहिले आहे. “बाळ, तीन मोसम रिकामे गेले यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हिशेबाने पाहता आणखी दोन-चार जातील. पण मला हे कळव की तुझ्याबरोबर डोंगरात जाणारा कोणी जाणता माणूस आहे का, आणि त्याला शिकार मिळाली तर तो तुला वाटा देतो का. असेल तर वर्षे मोजू नकोस. नसेल तर आधी असा माणूस शोध, एल्क नंतर. आणि उद्या तुला मिळाली, तर तुझ्या मागे कोण रिकामा उभा आहे ते बघ.”

माझी आत्या आज हयात नाही. तिने कुठे भाषण केले नाही आणि तिचे नाव कुठल्या पुस्तकात येण्याचे कारण नाही. पण नवशिक्याला किती वर्षे लागतात या प्रश्नाचे उत्तर तिला माहीत होते.