खाडीकाठची झाडं आणि त्यांचं रसायन



आचऱ्याच्या खाडीवर ओहोटीला गेलात, तर तिवराच्या पानावरून बोट फिरवा आणि जिभेला लावून बघा. खारट लागेल. पोटात शिरलेलं मीठ हे झाड पानांतल्या ग्रंथींवाटे बाहेर टाकतं. मुळं मात्र प्राणवायू नसलेल्या चिखलात, आणि डोक्यावर कोकणातलं ऊन. अशा जाचात पानाला मिळालेला सगळा प्रकाश वापरता येत नाही. उरलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची उतावळी रूपं तयार होतात आणि ती पेशींची नासधूस करू लागतात. त्यांना आवरायला झाड काही विकरं बनवतं, शिवाय टॅनिन, फ्लेव्होनॉइड अशी पॉलिफेनॉल्सही साठवतं. यांनाच आपण अँटिऑक्सिडंट म्हणतो.

ती मोजायची एक रीत बघण्यासारखी आहे. वाळवलेल्या पानांचा किंवा सालीचा मिथेनॉलमध्ये अर्क काढतात. डीपीपीएच नावाच्या रसायनाचं गडद जांभळं द्रावण घेऊन त्यात तो थोडाथोडा मिसळतात. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उतरत जातो आणि द्रावण पिवळं पडतं. रंग किती उतरला, ते यंत्रावर मोजतात. कांदळ, तिवर आणि 2020 साली महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष ठरवलेली पांढरी चिपी, या सगळ्यांचे अर्क या चाचणीत उतरले आहेत. कांदळाच्या सालीत तर टॅनिन भरपूर. म्हणूनच अनेक देशांच्या किनाऱ्यांवर लोक ती साल कातडी कमावायला आणि सुती जाळी कुजू नयेत म्हणून रंगवायला वापरत आले.

पण परीक्षानळीत रंग उतरला म्हणजे औषध सापडलं, असं कृपा करून समजू नका. पोटात गेलेलं टॅनिन रक्तात किती पोचतं, यकृत त्याचं काय करतं, किती मात्रा सोसते, हे सगळं निराळं तपासावं लागतं. हुरा या खाडीकाठच्या झाडाचंच बघा. त्याचा अर्कही अशा चाचण्यांत चांगला ठरतो, आणि त्याच झाडाचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तेव्हा घरी काढे करू नका.

संशोधकांनाही माझी कळकळीची विनंती आहे, शक्य तिथे पानांवर काम करा. पान पुन्हा फुटतं. खोडाची साल सभोवार सोलली की झाड मरतं. आणि 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला असल्याचं म्हटलं आहे.