हातात काम, कामात मन

21 फेब्रुवारी 1932, रविवार. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे सोबतच्या कैद्यांपुढे गीतेवर बोलू लागले. दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. 19 जूनला प्रवचनं पूर्ण झाली. साने गुरुजी ती भराभर उतरवून घेत होते, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हाती आहे.

या प्रवचनांत तत्त्वज्ञान पोथीतून उतरून थेट आपल्या घरात येतं. विनोबांचं सांगणं असं, की बाहेरच्या कामाला आतून मनाची जोड मिळाली, की त्या कामाचं ओझं वाटेनासं होतं. मला हे रोजच्या जगण्यात पटतं. घरातल्या वयस्कर माणसाला औषध द्यायचं असतं. गोळी आणि पाण्याचा पेला समोर ठेवून निघून गेलं, तरी काम होतं. पण घटकाभर शेजारी बसून, "रात्री झोप लागली का?" असं विचारलं, की त्याच कामाची सेवा होते. घेणाऱ्याला बरं वाटतंच, देणाऱ्याचंही मन हलकं होतं.

स्वतःला घडवायला वेगळा मुहूर्त लागत नाही. विनोबांनी तर तुरुंगातले रविवारही सार्थकी लावले. तेव्हा श्रोतेहो, उद्याच्या कामांतलं एकच काम निवडा आणि ते मनापासून करा. सुरुवातीला तेवढं पुरेसं आहे.