कापडाचे आटणे : तोटा कोणाचा?



कापड आटणे हा शिंप्याच्या आणि परिटाच्या अखत्यारीतील विषय आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. आज मी तो अर्थशास्त्राचा विषय म्हणून आपल्यासमोर मांडणार आहे.

प्रथम कारणे पाहू. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात. पुढे धुलाई व रंगाई होताना ओले कापड लांबीच्या दिशेने पुन्हा ओढले जाते. हा ताण कापडात साठून राहतो. घरच्या पहिल्या धुण्यात कापसाचे तंतू पाणी शोषून फुगतात, साठलेला ताण सुटतो आणि लांबी कमी होते. म्हणून सुती कापड बहुधा रुंदीपेक्षा लांबीत अधिक आटते. तिरुप्पूरच्या होजिअरी कापडाची वीण फासांची असल्याने ते याहूनही अधिक आटू शकते. लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. गरम पाण्यात घुसळल्यास तंतू एकमेकांत अडकतात. पॉलिएस्टरचा आकार मात्र उष्णतेने स्थिर करता येतो.

यावरील उपाय जुना आहे. अमेरिकेतील सॅनफर्ड क्लूएट यांच्या नावावरून ओळखली जाणारी सॅनफोरायझिंग प्रक्रिया १९३० च्या सुमारास प्रचारात आली. तीत ओलसर कापड रबरी पट्टा आणि तापलेला रूळ यांमध्ये दाबून विक्रीपूर्वीच आटवले जाते. त्यानंतरचे आटणे सुमारे १ टक्क्यापर्यंत रोखता येते. मग सर्वच सुती कापडावर ही प्रक्रिया का होत नाही?

याचे उत्तर मोजपट्टीत आहे. कापड मीटरवर विकले जाते. समजा, १०० मीटर कापड ५ टक्के आटणारे आहे. प्रामाणिक उत्पादकाने ते आधीच आटवले, तर त्याच्या हाती ९५ मीटर उरतात आणि प्रक्रियेचा खर्च वेगळा. न आटवणाऱ्यास १०० मीटरचे पैसे मिळतात. दुकानात दोन्ही कापडे सारखीच दिसतात. मालाची प्रत केवळ विक्रेत्यालाच ठाऊक असेल, तर चांगला माल बाजारातून मागे पडतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. येथे नेमके तेच घडते.

लांबीत ५ व रुंदीत ३ टक्के आटल्यास क्षेत्रफळ जवळजवळ ८ टक्क्यांनी घटते. वर्षाकाठी मुलाला एकच गणवेश शिवणाऱ्या कुटुंबाला ही घट मोठी आहे. दुसरीकडे, इचलकरंजी किंवा इरोड येथील लहान यंत्रमागधारकाला अशी महाग यंत्रे एकट्याने घेणे परवडत नाही.

म्हणून दोन गोष्टी आवश्यक वाटतात. कापडाच्या काठावर किंवा चिठ्ठीवर आटण्याचे कमाल प्रमाण छापलेले असावे; मालाच्या दर्जाची माहिती मिळण्याचा हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मान्य केलाच आहे. तसेच यंत्रमाग केंद्रांत सहकारी तत्त्वावर सामायिक प्रक्रिया केंद्रे उभी राहावीत. ग्राहकाला धुतल्यानंतरचे माप आधी कळले, तरच ९५ मीटर विकणाऱ्याला त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत मिळेल.