"अनुभव कमी" म्हणजे नेमके किती रुपये कमी?

(कारापूर, ता. डिचोली इथल्या भाषणाचा मजकूर)



दोडामार्गातून रोज गोव्यात कामाला येणाऱ्या मुली इथं आहेत, डिचोली-साखळीच्याही आहेत. बायांना पगार कमी का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: "त्यांचा अनुभव कमी." हे उत्तर तपासायची एक पद्धत आहे. १९७३ साली रोनाल्ड वाहाका आणि ॲलन ब्लाइंडर या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी ती स्वतंत्रपणे मांडली.

समजा, एका कारखान्यात पुरुषांचा सरासरी पगार २०,००० आणि बायांचा १५,०००. फरक ५,०००. पुरुषांचा सरासरी अनुभव १० वर्षं, बायांचा ६. पुरुषांना अनुभवाच्या दर वर्षामागे ५०० रुपये जास्त मिळतात. म्हणजे ४ वर्षांचे २,०००. एवढा फरक अनुभवामुळे, मान्य. पण या हिशेबानं ६ वर्षांच्या पुरुषाला १८,००० मिळतात आणि बाईला १५,०००च. हे ३,००० कुठे गेले?

ते सगळे भेदभावाचेच, असं लगेच म्हणू नका. शिक्षण, ओव्हरटाइम हिशेबात घेतलं नसेल तर त्याचाही भाग त्यात असतो.

पण त्या २,०००वरही गप्प बसू नका. अनुभव कमी का राहिला? बाळंतपणानंतर कामावर परत घेतलंच नाही म्हणून? हिशेबात हुद्दा घातला की फरक आणखी आकसतो. पण बायांना पॅकिंगलाच ठेवलं, मशीन कधी शिकवलंच नाही, तर भेदभाव त्या हुद्द्यातच लपलेला असतो. आणि काम सोडून घरी बसलेल्या बाया तर यादीतच नसतात.

आपल्या कायद्यानंही हे ओळखलंय. १९७६च्या कायद्यानं त्याच किंवा तशाच कामाला समान मोबदला सांगितला. १९८७च्या दुरुस्तीनं बढती आणि प्रशिक्षणातला भेदभावही त्यात आणला. पुढे तो कायदा २०१९च्या वेतन संहितेत सामावला. कायदा केंद्राचा आहे, दोडामार्गची सीमा ओलांडली म्हणून तो बदलत नाही.

तेव्हा पगाराची स्लिप जपून ठेवा. रुजू झाल्याची तारीख, हुद्दा, मूळ पगार, ओव्हरटाइम लिहून ठेवा. दहा-वीस जणांचं एकत्र मांडलं की बोलायला आधार मिळतो. मग कोणी "अनुभव कमी" म्हणालं की दोनच प्रश्न विचारा: त्याचे रुपये किती? आणि तो कमी का राहिला?