पाण्याचें मुद्दल

(दुष्काळनिवारण समितीच्या साधारण सभेंत एका वकिलांनीं केलेलें भाषण. वर्गणीदारांच्या आग्रहावरून येथें छापलें आहे.)



समितीच्या चिटणिसांनीं फंडासाठीं चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली आहे. २०१२–१३ व २०१८–१९ ह्या दोन्ही दुष्काळांत ह्या जिल्ह्यांत जनावरांच्या छावण्या पडल्या, तेव्हां आपणांपैकीं अनेकांनीं कडबा दिला, पेंड दिली, टँकरचें भाडें दिलें. तेव्हां दया करा, असें आपणांस सांगण्याचें कांहीं कारण नाहीं. मला बोलावयाचें आहे तें दयेविषयीं नसून हिशेबाविषयीं. आपला पैसा दर दुष्काळांत जातो आणि बहुधा त्याच त्याच गांवांत जातो, हें आपल्या ध्यानांत आलेंच असेल.

पेढीवर बसणाऱ्यास मुद्दल आणि व्याज ह्यांतील भेद शिकविण्याचें धाडस मी करीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, निसर्गानें ह्या जिल्ह्यास जें दिलें त्यांतही हाच भेद आहे. पाऊस, माळावरचें गवत, बाभळी-लिंबाची वाढ, उथळ विहिरीचें पाणी हें व्याज होय. तें खर्चलें तरी पुढील सालीं पुन्हां जमेस येतें. शेतांतील माती, नदीच्या पात्रांतील वाळू आणि खडकाच्या खोल भेगांत सांठलेलें पाणी हें मुद्दल. बोटभर माती घडण्यास शेंकडों वर्षें लागतात. ती वाहून जाण्यास मृगाचा एक झोडपा पुरतो. मुद्दल मोडून घर चालविणाराचें काय होतें, हें सांगण्यास वकील नको.

आधीं जमेची बाजू पाहूं. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी होतें. म्हणजे एक टँकर. पारनेर किंवा नगर तालुक्याच्या कोरड्या भागांत वर्षास ४०० मिलिमीटर पाऊस धरला, तरी हजार हेक्टरांच्या गांवावर चार लक्ष टँकर पाणी आकाशांतून फुकट ओतलें जातें. पश्चिमेस अकोलें तालुक्यांतील घाटघरास ह्याच्या दसपट कोसळतें. परंतु ढगांचें ओझें सह्याद्रीच्या माथ्यावरच रितें होतें, आणि पूर्वेकडील श्रीगोंदें, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा सारा मुलूख पर्जन्यछायेंत राहतो. तथापि चार लक्ष टँकर ही थोडी जमा नव्हे. मग चैत्रांत त्याच गांवास पिण्याच्या पाण्याचा टँकर बाहेरून कां आणावा लागतो?

ह्याचें उत्तर आपल्या पायांखालीं आहे. गंगेच्या मैदानांत पाणी शेंकडों फूट जाडीच्या गाळांत राहतें. आपल्याकडे आहे काळा पाषाण. त्यावरचा मुरूम आणि झिजलेल्या खडकाचे सांधे, एवढीच काय ती आपली कोठी. पडलेल्या पावसाचा सुमारें दहावा हिस्सा तींत आपोआप उतरतो. बाकीचा उन्हानें उडतो, पिकें व गवत पितात, अगर सिनेस, घोडेस, मुळेस मिळून जिल्ह्याबाहेर जातो. ह्या कोठीच्या खालीं, दोनशें-चारशें फुटांवर विंधनविहिरीस जें लागतें, तें भेगांतलें पाणी. त्याची भरपाई अत्यंत मंद. आणि पुष्कळदां तें वरच्याच कोठींतून झिरपून गेलेलें असतें. म्हणजे चारशें फूट खोल गेलेला बागाईतदार कित्येकदां नवें पाणी काढीत नाहीं, शेजारच्या गरिबाच्या चाळीस फुटी विहिरींतलें खालून ओढून घेतो. ह्यास दिवाणी भाषेंत काय नांव द्यावें, ह्याचा मी पुष्कळ दिवस विचार करीत आहें.

वाळूची गोष्टही तशीच. पात्रांतली वाळू ही झाकलेली टांकी आहे. ओढा आटल्यावर महिनोन्महिने कांठच्या विहिरींना ती पाणी पुरविते. वरच्या धरणांनीं नवी वाळू अडते, खालची लिलावानें अथवा लिलावावांचून रात्रीं उचलली जाते, आणि नदीचा उघडा खडक तेवढा उरतो. शहरांत चढणाऱ्या प्रत्येक मजल्याबरोबर कोठल्या तरी गांवची विहीर उतरते.

जुन्या लोकांचें स्तोत्र गाण्याची मला हौस नाहीं. पण निजामशाहीनें खापरी नळांनीं नगर शहरांत पाणी आणलें होतें. आणि भातोडीच्या तलावाचें पाणी १६२४ सालीं मलिकंबरानें शत्रूच्या वाटेवर सोडलें, इतकें तें पाणी त्या काळीं मोलाचें होतें. ज्या अहिल्याबाईंचें नांव आतां जिल्ह्यास मिळालें आहे, त्यांचें जन्मग्राम चौंडी जामखेड तालुक्यांत, ह्याच कोरड्या पट्ट्यांत. त्यांनीं देशभर बांधलेल्या विहिरी व घाट प्रसिद्धच आहेत. १८७६–७८ च्या दुष्काळांत धोंड–मनमाड रेल्वेच्या मातीकामावर आमच्या लोकांचीं पोटें भरलीं. रेल्वे झाली, तिनें धान्य आणलें; पाणी कोठून आणणार? पुढें १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेचे कालवे वाहूं लागले, आणि १९५० सालीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या खटपटीनें सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या कारखान्यानें शेतकऱ्यास सावकाराच्या ओट्यावरून उठविलें, हें नाकारणारा मी नव्हे.

परंतु कालव्याखालचा ऊंस ही एक गोष्ट, बोअरखालचा ऊंस ही दुसरी. उंसास एका हंगामांत निदान २००० मिलिमीटर पाणी लागतें. म्हणजे एकरास सुमारें ८० लक्ष लिटर, अथवा ८०० टँकर. बाजरी पडत्या पावसावर बहुतांशीं भागते. ज्या गांवास आपण फाल्गुनांत टँकर पाठवितों, त्याच गांवांत चार एकर ऊंस बोअरवर उभा असेल, तर आपला टँकर कोणाची तहान भागवीत आहे, हें विचारण्याचा वर्गणीदारास हक्क आहे.

आतां कायद्याविषयीं, कारण तो माझा धंदा. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचें सातवें कलम असें उदाहरण देतें कीं, ठरीव पाटांतून न वाहणारें जमिनीखालचें पाणी आपल्या हद्दींत काढून घेण्याचा मालकास अधिकार आहे. हातांतील बादलीच्या काळीं तें शोभलें. पंधरा अश्वशक्तीच्या पंपास तेंच तत्त्व लावणें म्हणजे सामाईक तिजोरीची किल्ली सर्वांत मोठा हात असणाराकडे देणें होय. महाराष्ट्रानें १९९३ सालीं पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर खणण्यास मनाई केली. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून अंमलांत आला. त्यानें शेतीसाठीं ६० मीटरांहून खोल विहीर घेण्यासही मनाई केली. त्यानंतर बोअरच्या गाड्या बंद झाल्या काय, हें आपणच मला सांगावें. कायदा चांगला आहे, पण रात्रीं बांधावर येऊन तो पहारा करीत नाहीं.

पहारा कोण करतें, हें पाहावयाचें तर दूर जावें लागत नाहीं. पारनेर तालुक्यांत राळेगण सिद्धीस पूर्वीं सरकारी कामांतून झालेला पाझर तलाव गळत होता. मजुरी वांटली गेली, पाणी कांहीं टिकलें नाहीं. १९७५ च्या सुमारास अण्णा हजारे फौजेंतून परतले, त्यानंतर गांवानें श्रमदानानें तो दुरुस्त केला, ओढ्यांस बांध घातले, डोंगरास चर खणले. नगर तालुक्यांत हिवरे बाजारास १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाले. तेथेंही चर आणि बांध झालेच. परंतु त्या गांवाची खरी कमाई बांधांत नाहीं. तेथें कुऱ्हाडबंदी व चराईबंदी आहे, शेतीसाठीं बोअर घ्यावयाचा नाहीं, भरमसाट पाणी पिणारा ऊंस लावावयाचा नाहीं. आणि पाऊस व विहिरींचें पाणी मोजून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढून मग रब्बीस काय पेरावें तें ठरतें. आपण दिवाळीस जें वहीवर करतां, तेंच तें लोक विहिरीवर करतात.

मात्र एक गोष्ट अशा गांवांच्या कौतुकांत राहून जाते. चराईबंदीचा पहिला तडाखा बागाईतदारास बसत नाहीं. तो बसतो चार शेळ्या राखणाऱ्या विधवेस आणि मेंढपाळास. दोन-तीन पावसाळ्यांनंतर गवत वाढतें, कापून नेतां येतें, हें खरें. पण तोंवर शेळीनें काय खावें? बोअर न घेण्याची शपथ कर्जबाजारी कुणब्यास परवडत नाहीं, कारण शेजाऱ्यानें घेतला तर आपण बुडालों, असें त्यास वाटतें, आणि तें रास्तही आहे. संयमास खर्च येतो, आणि आजपर्यंत तो खर्च ज्यास तो मुळींच झेपत नाहीं, त्याच्याच माथीं मारला गेला आहे.

म्हणून माझी समितीस सूचना अशी. फंडाचा निम्मा भाग आजच्याप्रमाणेंच चाऱ्यास व टँकरास राहूं द्यावा. तहानलेल्यास ताळेबंद ऐकवूं नये. उरलेला निम्मा भाग माळावरचे चर, नालाबांध आणि जुन्या पाझर तलावांची दुरुस्ती ह्यांस द्यावा, पण ज्या गांवची ग्रामसभा बोअर, ऊंस व चराई ह्यांविषयीं लेखी ठराव करील त्याच गांवास. आणि ह्या निम्म्यांतूनच चराईबंदीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत शेळ्यामेंढ्यांच्या मालकांस चारा पुरवावा. कामाचें मोजमाप पावसाळ्यानंतर, तलावांत पाणी राहिलें कीं नाहीं तें पाहून करावें. मजुरीच्या हजेरीपटावरून करूं नये.

ठरावावर पहिली सही गांवांतल्या सर्वांत मोठ्या खातेदाराची हवी, ही अट मी मुद्दाम घातली आहे. आपणांपैकीं कित्येकांचीं शेतें अशाच गांवांत आहेत, आणि पाइप व पंपांचीं दुकानेंही ह्याच पेठेंत आहेत, हें मला ठाऊक आहे. म्हणूनच हें मी कचेरींत न बोलतां येथें बोललों. लहान खातेदार मोठ्याच्या सहीकडे पाहून सही करतो.

ठरावाचा व करारपत्राचा मसुदा मी तयार केला असून तो चिटणिसांच्या मेजावर, वर्गणीच्या वहीशेजारीं ठेवला आहे. त्याची फी नाहीं. ज्यांना एखादें कलम जाचक वाटेल त्यांनीं तें आजच सभेंत सांगावें, म्हणजे चर्चा करून दुरुस्त करतां येईल; मृगापूर्वीं कामें सुरू व्हावयाचीं तर दिवस थोडे आहेत.