तारेनं बांधलेला गार्ड

माझे भाईजान सुतार. त्यांच्या विजेच्या करवतीची वायर मुठीपाशी सोललेली, वर काळी टेप. स्प्रिंग सैल झाला म्हणून पात्यावरचा गार्ड तारेनं वर बांधलेला. मी हटकलं, तर म्हणाले, "काम अडतं रे." एका दुपारी त्यांनी बटण सोडलं, पातं अजून फिरत होतं. एक बोट गेलं.

मग आम्ही दुरुस्तीला बसलो. आधी प्लग काढला. मूळच्याच जाडीची अखंड तीनपदरी वायर घातली. हिरवी तार अर्थिंगला जोडली. वायर आतल्या पट्टीखाली आवळली, म्हणजे ओढ जोडांवर येत नाही. गार्ड त्याच मॉडेलचा बसवला. उचलून सोडला की खटकन पातं झाकतो.

भाईजान आजही काम करतात. पण आधी गार्ड उचलून पाहतात, नऊ बोटांनी.